दोष काळाचा की पटकथेचा? ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ आणि वाचनालयातला एक किशोर गट

(या प्रकरणातल्या मुलांची आणि पालकांची नावं बदलली आहेत, गावाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मालिकेचा शेवट लेखात उघड होतो. बघायची असेल तर आधी बघून या.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे चौदा ते सतरा वयाच्या मुलामुलींचा एक गट शनिवारी संध्याकाळी जमतो. मूळ उद्देश वाचनाचा. पण नेमलेल्या पुस्तकाची वीस पानंही न उलटलेली मुलं चर्चेत गप्प बसायची आणि चर्चा संपून चपला घालताना मात्र कोरियन मालिकांवर तावातावाने भांडायची. तेव्हा एका उन्हाळी सुट्टीत पुस्तकाऐवजी मालिकाच घ्यावी असं ठरलं. कार्यकारिणीत एका ज्येष्ठ सभासदांनी ‘हे वाचनालय आहे की व्हिडिओ पार्लर?’ असं विचारलं, आणि मग हसून स्वतःच ठरावावर सही केली.

गटाच्या संयोजिका दोघी: मी, आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या स्मिताताई.

मालिका निवडण्यातच एक शनिवार गेला. ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ (2009) मुलांनीच बाद केली. योको कामिओ यांच्या जपानी चित्रकथेवर बेतलेली ही पंचवीस भागांची मालिका कोरियन शाळकरी प्रेमकथांची आजी मानली जाते, पण तिचा नायक आधी नायिकेचा शाळाभर छळ करवतो आणि नंतर तिचाच प्रियकर होतो. मुक्ता म्हणाली, ‘ताई, हा आमच्या शाळेत असता तर त्याच्या आईवडिलांना बोलावलं असतं.’ ‘द हेअर्स’ (2013) श्रीमंत मुलगा आणि मोलकरणीची मुलगी या एका खुंटीवर फिरते. मुलींची पहिली पसंती होती ‘ट्रू ब्यूटी’ (2020-21). मेकअपने चेहरा बदलून नव्या शाळेत ‘सुंदर’ ठरलेल्या मुलीची ती गोष्ट आहे आणि चर्चेला मसाला तिच्यातही पुष्कळ आहे. पण स्मिताताईंनी ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’चा आग्रह धरला. 1997-98 चं कोरियन आर्थिक संकट तिच्या केंद्रस्थानी आहे, एवढं एक कारण त्यांना पुरेसं होतं. सोळा भाग, आठवड्याला तीनेक भाग असा बेत ठरला.

एक व्यावहारिक प्रश्न लगेच आला. वाचनालयाच्या सभागृहात प्रोजेक्टर आहे, आणि सगळ्यांना एकत्र दाखवणं सोपं वाटत होतं. पण नेटफ्लिक्सची वर्गणी वैयक्तिक वापरासाठी असते. घरच्या खात्यावरून सभागृहात मालिका दाखवणं नियमात बसत नाही. म्हणून मुलांनी भाग घरी, मावशीकडे किंवा मैत्रिणीकडे बघायचे आणि वाचनालयात फक्त बोलायला जमायचं असं ठरलं. या निर्णयाचा एक परिणाम आम्ही धरला नव्हता: मालिका घराघरांत पोचली. आया, आज्या, दादालोक सगळेच मागे बसून बघू लागले.

मालिकेत काय आहे

2022 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ती कोरियातल्या टीव्हीएन वाहिनीवर शनिवार-रविवारी लागली. लेखन क्वॉन दो-उन, दिग्दर्शन जंग जी-ह्यून. साल 1998. ना ही-दो ही शाळकरी मुलगी तलवारबाजी खेळते. सेबर हा तिचा प्रकार. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यायची वेळ आलेल्या देशात खर्चाला कात्री लागते आणि तिच्या शाळेचा तलवारबाजीचा संघच बंद होतो. बेक यी-जिन हा बावीस वर्षांचा मुलगा कालपर्यंत श्रीमंत होता. वडिलांचा धंदा बुडाला, घर विखुरलं, वडील देणेकऱ्यांपासून लपून आहेत, आणि हा पेपर टाकतो, कॉमिक भाड्याने देणाऱ्या दुकानात बसतो. दोघांची गाठ तिथून पडते. वर्तमानकाळात, म्हणजे कोविडच्या मास्कच्या दिवसांत, ही-दोच्या मुलीला आजीच्या घरी आईची जुनी डायरी सापडते आणि ती वाचत जाते, अशी सगळ्याला चौकट.

पहिल्या दोन आठवड्यांत गट मालिकेवर फिदा होता, आणि तो का होता हे नोंदवायला हवं. तक्रारी पुढे येतीलच.

प्रेमकथेपेक्षा मुलांना भिडली ती दुनियादारी. यी-जिनच्या दारात वडिलांचे देणेकरी येतात. त्यांचेही संसार उद्ध्वस्त झालेले आहेत. हा पोरगा त्यांच्यापुढे वाकून सांगतो की मी कधीही सुखी होणार नाही. त्यावर ही-दो त्याला सुचवते की आपण दोघंच असू तेव्हा गुपचूप सुखी होऊ या. ओंकारच्या वडिलांचं दुकान 2020 च्या टाळेबंदीनंतर पुन्हा उघडलंच नाही. तो एरवी फारसा बोलत नाही. या प्रसंगावर मात्र तो बराच वेळ बोलला: घरात पैशाची ओढ असताना मित्रांसोबत हसायचीही लाज कशी वाटते, यावर.

स्मिताताईंनी इतिहासाची बाजू लावून धरली. 1997 च्या नोव्हेंबरात कोरियाने नाणेनिधीकडे हात पसरले, मोठमोठे उद्योगसमूह कोसळले, आणि 1998 च्या सुरुवातीला लोकांनी देशाचं कर्ज फेडायला घरातलं सोनं रांगा लावून दिलं. ते सुमारे 227 टन भरलं. यावर तन्वीचा प्रश्न होता, ‘आपल्याकडे कुणी मंगळसूत्र देईल?’ स्मिताताईंनी मग 1991 सांगितलं: रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण ठेवलं होतं, फक्त ते लोकांनी आणून दिलेलं नव्हतं. तो शनिवार मालिकेचा राहिला नाही, अर्थशास्त्राचा झाला. कुणाची तक्रार आली नाही.

दुसरं बलस्थान म्हणजे ही-दो आणि को यू-रिम यांची मैत्री. यू-रिम ही सुवर्णपदक विजेती, ही-दोचं दैवत. ही-दो तिच्या शाळेत जाते आणि कळतं की हे दैवत आपल्याला पाण्यात पाहतं. त्याच वेळी दोघी संगणकावरच्या गप्पांत टोपणनावांनी एकमेकींच्या जिवलग झालेल्या आहेत, हे दोघींनाही ठाऊक नाही. पुढे यू-रिमचे वडील ट्रक चालवताना अपघात करतात, भरपाईचा डोंगर उभा राहतो आणि पैशासाठी ती रशियाचं नागरिकत्व घेऊन त्यांच्या संघाकडून खेळायला जाते. कोरियन प्रेक्षकाला इथे शॉर्ट ट्रॅक स्केटर आन ह्यून-सू आठवणं अपरिहार्य आहे. तो रशियाकडून खेळायला गेला आणि 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णं जिंकली. माझ्या मते या मालिकेची खरी प्रेमकथा याच दोघींची आहे. माद्रिदला एकमेकींविरुद्ध खेळल्यानंतर त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, त्या प्रसंगाच्या तोडीचं काही नायक-नायिकेच्या वाट्याला आलेलं नाही.

मुक्ता जिल्हास्तरावर तलवारबाजी खेळते, त्यामुळे तिची तपासणी कडक होती. महिलांचं सेबर ऑलिंपिकमध्ये आलं ते 2004 साली, अथेन्सला. मग 1998 मधल्या शाळकरी मुली त्या प्रकारात राष्ट्रीय तारका कशा? पण सरावाचे प्रसंग, पायांची हालचाल, हरल्यावर मुखवटा न काढता उभं राहणं, हे तिला पटलं. भवानी देवी टोकियोला खेळली तीही सेबरच, हे तिने सगळ्यांना अभिमानाने सांगितलं. ऑलिंपिक खेळलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. ही-दो साकारणाऱ्या किम ते-रीला या भूमिकेसाठी 2022 चा बेक्सांग हा कोरियातला मानाचा पुरस्कार मिळाला, त्याबद्दल मात्र गटात दुमत नव्हतं.

आणखी एक धागा मुलांनी उचलला तो शाळेतल्या मारहाणीचा. शिक्षक एका मुलाला बेदम मारतात. वर्गप्रतिनिधी असलेली सुंग-वान ती गोष्ट आपल्या चोरट्या रेडिओवरून जाहीर करते, माफी मागायला नकार देते आणि शाळा सोडते. तिची आई तिच्या बाजूने उभी राहते. सोलमधल्या शाळांत शारीरिक शिक्षेवर बंदी आली ती 2010 मध्ये, म्हणजे मालिकेतला काळ उलटल्यावर दहाएक वर्षांनी. आपल्या शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्येच ती बेकायदा ठरवली आहे. हे सांगितल्यावर खोलीत जो हशा झाला त्याचा अर्थ आम्हा दोघींना नीट कळला.

अडचण

तिसऱ्या शनिवारी तन्वीच्या आई वाचनालयात आल्या. त्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहेत. आवाज न चढवता त्यांनी सरळ विचारलं: बावीस वर्षांचा कमावता मुलगा आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी, यांचं प्रेम तुम्ही मुलांना चर्चेला दिलं आहे, त्यात काही चुकीचं आहे असं तुमच्यापैकी कुणी एकदा तरी बोललं का? त्यांच्या वॉर्डात येणाऱ्या अल्पवयीन मुलींबद्दल त्या फार बोलल्या नाहीत, बोलायची गरजही नव्हती. त्यांचं एक वाक्य मी लिहून घेतलं: ‘वाईट माणसाची गोष्ट असती तर मला काळजी नव्हती. हा मुलगा चांगला दाखवलाय, म्हणून काळजी आहे.’

तोवर खोलीत तो विषय खरंच निघालेला नव्हता. कुणी मुद्दाम टाळला होता असंही नाही. तो कुणाला दिसलाच नव्हता, आणि त्याला मालिकेची जडणघडणही कारणीभूत होती.

वयाचा हिशेब

आक्षेपाला उत्तर द्यायच्या आधी तो कितपत खरा आहे हे बघायला हवं होतं. स्मिताताईंनी फळ्यावर तक्ता केला.

तेव्हाच्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरलं जाई आणि दर 1 जानेवारीला सगळ्यांचं वय एकने वाढे. सरकारी आणि कायदेशीर व्यवहारातून ही पद्धत गेली ती अगदी अलीकडे, 28 जून 2023 पासून. मालिकेतली वयं जुन्या पद्धतीची आहेत. शीर्षकातली पंचवीस आणि एकवीस ही 2001 मधली वयं. म्हणजे ही-दोचा जन्म 1981 चा आणि यी-जिनचा 1977 चा. मालिका सुरू होते तेव्हा, 1998 मध्ये, ती तिथल्या हिशेबाने अठरा आणि आपल्या हिशेबाने सोळा-सतरा. तो आपल्या हिशेबाने वीस-एकवीस.

आता प्रसंग बघा. यी-जिन तिच्यावर प्रेम असल्याचं कबूल करतो तेव्हा ती अजून शाळेत आहे. पहिलं चुंबन 2000 साल उजाडण्याच्या ठोक्यावर आहे. त्या क्षणी ती तिथल्या मोजणीने वीस होते. आपल्या मोजणीने अठरा. कोरियाच्या नागरी कायद्यात सज्ञानतेचं वय तेव्हा पूर्ण वीस वर्षं होतं. ते एकोणीसवर आलं 2013 मध्ये. म्हणजे कायद्याने ती अजून सज्ञान नव्हती, पण तिथल्या मोजणीतल्या विसाव्या वर्षाची रेघ कुठे आहे ते पटकथाकाराला ठाऊक होतं. चुंबन नव्या वर्षाच्या घंटेपर्यंत लांबवलं आहे ते उगाच नाही. यी-जिनचं अवघडणं, मागे सरणं, हेही त्याच जाणिवेतून येतं. मात्र ओढ, जवळीक आणि कबुली या सगळ्याची पेरणी रेघेच्या अलीकडेच झालेली आहे.

आणखी एक गोष्ट मुक्ताने काढली. किम ते-री 1990 ची आणि यी-जिन करणारा नाम जू-ह्युक 1994 चा. पडद्यावर शाळकरी मुलगी करणारी अभिनेत्री तेव्हा एकतिशीतली होती आणि तिच्याहून मोठ्या मुलाची भूमिका करणारा नट तिच्याहून जवळपास चार वर्षांनी लहान. डोळ्यांना मोठा मुलगा आणि लहान मुलगी दिसतच नाही. सोळा-सतराची खरी मुलगी त्या जागी उभी केली असती तर आम्ही सगळे पहिल्याच भागात चुळबुळलो असतो. अभिनय उत्तम आहे म्हणूनच हा प्रश्न झाकला जातो.

तिसरी गोष्ट वयापेक्षाही ठोस. यी-जिन पुढे वृत्तवाहिनीत क्रीडा वार्ताहर होतो. ही-दो ज्या स्पर्धा खेळते त्यांच्या बातम्या तोच करतो. वार्ताहराने खेळाडूपासून फार जवळ किंवा फार लांब असू नये, हे मालिकेतली पात्रंच बोलतात. ते अंतर तो पाळत नाही, आणि मालिका ते मान्य करते. यू-रिमच्या नागरिकत्वाची बातमी फोडल्यावर त्याला जो अपराधभाव येतो तो या मालिकेतला सर्वांत प्रामाणिक भाग आहे. म्हणजे मैत्रिणीच्या बाबतीत मालिका नैतिक प्रश्न थेट विचारते आणि प्रेयसीच्या बाबतीत त्याच प्रश्नाला संगीत लावते.

समोरचे पर्याय

आक्षेप आल्यावर आम्हा दोघींत चार वाटांवर बोलणं झालं.

थांबवणं ही पहिली. कार्यकारिणीला तीच सोयीची होती. पण मुलं मालिका घरी बघणारच होती, बंद झाली असती ती फक्त चर्चा.

वयाचा विषय टाळून इतिहास, खेळ, मैत्री यांवरच बोलत राहणं ही दुसरी. स्मिताताईंचा कल आधी इकडे होता. त्यांचं म्हणणं, मुलांना गोष्ट आवडली आहे, आपण त्यात उपदेशाचा खडा कशाला टाकायचा? हा युक्तिवाद मला अजूनही अगदीच चुकीचा वाटत नाही. मोठ्यांनी प्रत्येक आवडत्या गोष्टीतला किडा शोधून दाखवला की मुलं आवडी लपवायला लागतात.

तिसरी वाट म्हणजे एखादी समुपदेशक बोलावून व्याख्यान ठेवणं. हे आम्ही सोडलं, कारण व्याख्यानाला मुलं भिंत होऊन बसतात.

चौथी, आक्षेप जसाच्या तसा मुलांपुढे ठेवायचा आणि तन्वीच्या आईंनाच चर्चेला बोलवायचं. यात धोका तन्वीचा होता. आई तक्रार घेऊन आली हे सोळा वर्षांच्या मुलीला मित्रमैत्रिणींसमोर कसं वाटेल? हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक टप्पा, आणि तो तन्वीला विचारूनच ओलांडायचा असं ठरलं. तिने दोन दिवस घेतले. मग निरोप आला: आई आली तर चालेल, पण तिने ‘आमची तन्वी’ असं म्हणायचं नाही.

काय केलं

चौथ्या शनिवारी काकू, म्हणजे तन्वीच्या आई, आल्या. आम्ही बैठकीचा आराखडा साधा ठेवला. मालिका चांगली की वाईट, असा प्रश्न कुणालाच विचारला नाही. त्याऐवजी तीन प्रसंग घेतले आणि प्रत्येकाबद्दल एकच विचारलं: या जागी ही-दोला ‘नको’ म्हणायचं असतं तर तिला ते किती सोपं होतं?

पहिला प्रसंग रात्रीच्या शाळेतला. दोघं आवारातल्या नळांच्या तोट्या वर फिरवतात आणि पाण्याची कारंजी होतात. सगळ्यांचं एकमत: इथे ती मोकळी आहे, मजा दोघांची आहे, किंबहुना पुढाकार तिचाच आहे. दुसरा प्रसंग त्याच्या प्रेमाच्या कबुलीचा. इथे खोली दुभंगली. मुलींपैकी काहींचं म्हणणं, तो काहीच मागत नाही, फक्त सांगतो. ऋतुजा म्हणाली की ही-दोच्या आयुष्यात मोठं माणूस असं एकच आहे. वडील वारले, आई बातम्यांत बुडालेली. ज्याच्यावर एवढं टेकलो आहोत त्याला ‘नको’ म्हणणं सोपं नसतं, तो कितीही चांगला असो. काकू त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत. तिसरा प्रसंग वार्ताहर म्हणून त्याने तिची बाजू राखण्याचा. वादग्रस्त निकालानंतर तो पंचाला गाठून त्याची मुलाखत आणतो. ओंकारने विचारलं, ‘तो तिचा कुणीच नसता तर त्याने एवढी धावपळ केली असती का? आणि नसती केली, तर तिचं काय झालं असतं?’

काकू शेवटी बोलल्या, थोडक्यात. त्यांचा मुद्दा बदलला नव्हता, पण नेमका झाला होता: मुलीचा पुढाकार असला तरी जबाबदारी मोठ्या वयाच्या माणसाची, आणि ही मालिका त्याच्या जबाबदारीला त्याचा चांगुलपणा समजते. गटातल्या अर्ध्याअधिक मुलांना हे पटलं नाही. प्रथमेशला बोलणं मनापासून नकोसं झालं. त्याच्या मते एका सुंदर गोष्टीचा पंचनामा चालला होता. तो पुढच्या शनिवारपासून आला नाही. त्याला फोन केला तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, ‘ताई, मला ती तशीच आवडते.’ आम्ही आग्रह केला नाही.

शेवटचे दोन भाग

वयाचा वाद निवतो आहे तोवर शेवट आला, आणि गट मालिकेवरच उलटला.

शेवट असा: 2001 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कवर हल्ला होतो. यी-जिन वार्तांकनाला तिकडे जातो, मृत्यू बघून खचतो, आणि तिला न विचारता तिथल्या वार्ताहरपदासाठी अर्ज करतो. प्रेम संपतं. 2009 मध्ये वृत्तनिवेदक म्हणून तो पडद्यावरून तिची मुलाखत घेतो आणि तिला लग्नाच्या शुभेच्छा देतो. तिचा नवरा कोण ते आपल्याला कधीच कळत नाही. मुलीचं आडनाव किम आहे, बेक नाही, एवढाच सुगावा प्रेक्षक आठवडेच्या आठवडे चघळत होते. कोरियात शेवटच्या भागाची प्रेक्षकसंख्या मालिकेतली सर्वाधिक, 11.5 टक्के होती, आणि त्याच भागावर सगळ्यात जास्त रागही निघाला.

मुलांच्या रागाचे दोन थर होते. वरचा थर ‘ते एकत्र यायला हवे होते’ हा. तो लवकर ओसरला. तन्वीनेच त्याला उत्तर दिलं की पहिलं प्रेम टिकलंच पाहिजे असं कुठे आहे, शिवाय याच नावाचं जाउरिम या बँडचं 2013 चं गाणं हातून निसटलेल्या दिवसांचंच आहे, म्हणजे शेवट नावातच सांगितला होता. खालचा थर मात्र कारागिरीचा होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मोठेपणीची ही-दो मित्रांसोबतची समुद्राकाठची सहल आठवत नाही म्हणते. पाच जणांचा तो उन्हाळा मालिकेचं काळीज आहे. ते विसरणारी बाई आणि डायरीतली मुलगी एकच कशी? विस्मृती हाच विषय असेल तर त्याची तयारी कुठे आहे? चौदा भाग एकमेकांच्या मनातलं ओळखणारी दोन माणसं शेवटच्या दोन भागांत एक साधा फोन नीट करत नाहीत.

इथे ओंकारने जे म्हटलं त्यासाठी हे सगळं प्रकरण लिहायला घेतलं. पहिल्या भागात संघ बंद झाल्यावर ही-दोचे प्रशिक्षक तिला सांगतात की तुझं स्वप्न मी हिरावलेलं नाही, काळाने हिरावलं आहे. ओंकार म्हणाला, ‘तेव्हा आपल्याला त्या सरांचा राग आला होता. स्वतः काहीच करायचं नाही आणि काळाचं नाव पुढे करायचं. पण शेवटी लेखकाने तेच केलंय. यांना वेगळं करायचं होतं, म्हणून न्यूयॉर्क आणलं.’

माझं मत याच्या जवळ जातं. पहिल्या भागांत संकट माणसांच्या दारात येतं: देणेकरी, बंद झालेला संघ, विकलेलं घर. त्यातून पात्रं निवड करतात आणि त्या निवडींची किंमत मोजतात. यू-रिमचं रशियाला जाणंही तसंच आहे, परिस्थितीने भाग पाडलेलं असलं तरी निर्णय तिचा. यी-जिनला मात्र शेवटी निर्णयाचा मालक होऊ दिलेलं नाही. तो दुःखी आहे, थकलेला आहे, जगात आग लागलेली आहे. त्याने तिला न विचारता अर्ज केला ही साधी, माणसासारखी, चिडवणारी चूक आहे, आणि मालिका तिच्यावर दोन कोसळलेल्या इमारतींची सावली पाडून ती मोठी आणि अटळ करून टाकते. वयाच्या प्रश्नातही हेच झालं होतं. तो चांगला आहे, काळ वाईट आहे, मग विचारायचं कुणाला?

स्मिताताईंना हे मान्य नाही. त्यांच्या मते 1998 च्या पिढीचं आयुष्य खरंच बाहेरून ठरलं, आणि इतिहास शिकवताना आपण ‘परिस्थिती’ हा शब्द वापरतोच ना. आमचा वाद अजून चालू आहे.

निष्पत्ती

गटाने एक लेखी काम केलं: शेवटच्या भागाचा पर्यायी आराखडा, अट एकच, दोघांनी वेगळंच व्हायचं पण कारण दोघांपैकी कुणाचा तरी निर्णय असला पाहिजे. सर्वांत चांगला आराखडा ऋतुजाचा होता. तिची ही-दो दोन वर्षं वाट बघून नाही, तर पहिल्याच महिन्यात फोन करून सांगते की मला वाट बघायची नाही. तो परत येतो तेव्हा ती सरावाला निघालेली असते.

तन्वीच्या आईंचं पूर्ण समाधान झालं नाही. त्यांनी मुलीला गटात ठेवलं, आणि उरलेले भाग दोघींनी घरी एकत्र बघितले. त्यांना यू-रिमची आई सगळ्यात आवडली. प्रथमेश परत आला तो पुढच्या हंगामात, पुस्तकांच्या गटात. कार्यकारिणीने पुढच्या वर्षीसाठी परवानगी दिली, पण मालिकेचं नाव आणि तिच्यातले संवेदनशील विषय पालकांना आधी लेखी कळवावेत या अटीवर.

पुन्हा करायचं तर

ती अट योग्य आहे आणि आम्ही ती स्वतःहूनच पाळू. वयाचा तक्ता पहिल्याच शनिवारी फळ्यावर असला पाहिजे. मालिका कुणालाही आवडण्याआधी तो पाहिला असता तर तो आरोपासारखा वाटला नसता. एखाद्या पालकाला बोलवायचं तर तक्रार येण्याची वाट न बघता दोन-तीन पालकांना सुरुवातीपासून पाहुणे म्हणून घ्यावं, म्हणजे सगळा भार एका मुलीवर पडणार नाही. मुलांचा, म्हणजे मुलग्यांचा, आवाज कमी पडला. यी-जिनच्या जागी उभं राहून बोलणारं कुणी नव्हतं. ‘चांगल्या’ मुलाने नेमकं काय करायला हवं होतं हा प्रश्न त्यांना वेगळा बसवून विचारता येईल.

सोळा भागही जास्त होतात. परीक्षेनंतरच्या सुट्टीत आठवड्याला तीन-साडेतीन तास बघणं मुलांना जड गेलं नाही, पण चर्चेचे दीड तास दर वेळी अपुरे पडले आणि सुंग-वानच्या धाग्याला एका शनिवारचा तुकडाच मिळाला. पुढच्या खेपेला मुलींनी पुन्हा ‘ट्रू ब्यूटी’चं नाव दिलं आहे. तिचेही भाग सोळाच. या वेळी आधी पालकांची बैठक आहे, आणि ती चालवायला तन्वीच्या आईंनी होकार दिला आहे.